बांधणाऱ्यांची छायाचित्रे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलण्याचा आग्रह केला तेव्हा मी म्हटले, की माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि आजवर मंडळात मी उभी राहून बोलले ती फक्त हळदीकुंकवाच्या खर्चाचा हिशोब वाचताना. त्या म्हणाल्या, "मग फोटोंच्या वहीचाच हिशोब द्या." मंडळाची ती वही दीड वर्षापासून माझ्याकडे आहे. ती का सुरू झाली हे पुष्कळ भगिनींना ठाऊक नाही. तेव्हा शहरांत मेट्रोचे आणि आगगाड्यांचे मोठमोठे मार्ग जी माणसे बांधतात, त्यांची छायाचित्रे कोण काढते, कशी काढते आणि ती कोणाच्या घरी पोचतात, एवढेच मी आज सांगणार आहे.

आपल्या वाशीम जिल्ह्यात मेट्रो नाही, आणि माझ्या हयातीत ती येईल असे वाटतही नाही. पण मेट्रो बांधणारी माणसे आपल्याकडे आहेत. सोयाबीन घरात आले, दिवाळी झाली, की मानोरा, मंगरूळपीर, मालेगावकडची बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे निघतात. कोणी ऊसतोडीला जातो, कोणी वीटभट्टीवर, कोणी पुण्या-मुंबईला बांधकामावर. पूर्वी बांधकामावर म्हणजे इमारतीवर, असेच आपण समजत होतो. आता विचारले तर "मेट्रोवर" असे उत्तर येते. नागपूरला मेट्रो सुरू झाली ती ८ मार्च २०१९ रोजी, नेमकी महिलादिनी. वर्धा रोडवर खाली रस्ता, त्याच्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर गाडी, असा दुमजली मार्ग आहे. मी नणंदेकडे गेले होते तेव्हा त्या गाडीत बसले. गार वारा, स्वच्छ डबा, सगळे छान. खिडकीतून खाली पाहताना मात्र मनात आले, की एवढ्या उंचावर पहिल्यांदा पाय कोणी ठेवला असेल? तेव्हा तर इथे बसायला आसन नव्हते आणि धरायला दांडीही नव्हती.

मी लग्न होऊन वाशीमला आले तेव्हा इथली गाडी लहान रुळांची होती. अकोला ते पूर्णा हा मार्ग मोठा होऊन त्यावर २००८ साली मोठी गाडी आली. त्या कामावरच्या बाया मी पाहिल्या आहेत. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर खडीचे घमेले, आणि सावलीत झोळीत लेकरू. त्या वेळी आमच्या घरी कॅमेरा नव्हता. ज्यांच्याकडे होता त्यांनी नवीन गाडीचे फोटो काढले, इंजिनाला घातलेल्या हारांचे काढले. घमेलेवालीचा फोटो मला अजून कोणाकडे दिसला नाही.

याबाबत मी कोणाला दोष देत नाही. उद्घाटनाला मंत्री येणार, फीत कापणार आणि त्यांचा फोटो छापून येणार. पैसा मंजूर केला त्यांनी, तेव्हा त्यांचाही फोटो असावा. आपल्या घरच्या लग्नात सहाशे फोटो निघतात. त्यांत मांडववाल्याचा आणि आचाऱ्याचा फोटो किती जणींकडे आहे ते घरी जाऊन पाहावे. पण लग्न दोन दिवसांचे असते. मेट्रोचे काम सात-सात, आठ-आठ वर्षे चालते. तेवढ्या काळात माणसाचे लेकरू शाळेत जाऊ लागते.

मुंबईच्या तिसऱ्या मेट्रोचेच घ्या. कुलाबा, वांद्रे, सीप्झ असा हा साडेतेहेतीस किलोमीटरचा मार्ग आहे. त्यावर २७ स्थानके असून त्यांतली २६ जमिनीखाली आहेत. पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, दुसरा मे २०२५ मध्ये, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये गाडी पार कफ परेडपर्यंत जाऊ लागली. वर गिरगाव, काळबादेवीच्या जुन्या चाळी तशाच उभ्या आणि त्यांच्या पोटाखालून बोगदा. तो खणायला १७ यंत्रे आणली होती. यंत्राच्या तोंडाशी भल्या मोठ्या जात्यासारखी गोल चकती असते, ती फिरत फिरत खडक कुरतडते. मागे लागलीच काँक्रीटचे बाकदार तुकडे एकाला एक जोडून बांगडीसारखे कडे तयार करतात. असे एक कडे झाले की यंत्र त्याला रेटा देऊन पुढे सरकते. पुन्हा खणणे, पुन्हा कडे. अशा बांगड्या एकापुढे एक भरत नेल्या, की बोगदा होतो.

या यंत्रांना नद्यांची नावे दिली होती. गोदावरी, कृष्णा, वैतरणा, तानसा, सूर्या, आणि आपल्या विदर्भाची वैनगंगासुद्धा. सप्टेंबर २०१८ मध्ये गोदावरी पहिल्यांदा आरपार निघाली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तानसाने शेवटचा बोगदा पार केला. त्या प्रसंगांचे फोटो असे असतात: समोरची भिंत फोडून गोल चकती बाहेर आलेली, धूळ उडालेली, आणि पुढे हेल्मेट घातलेली माणसे हात वर करून ओरडताहेत. फोटो पाहून खरेच आनंद होतो. पण खाली वाचावे तर यंत्राचे नाव असते, अंतर असते, साहेबांचे नाव असते. हात वर केलेल्यांना सगळ्यांना मिळून एकच शब्द असतो, 'कामगार'. लोखंडाला नदीचे नाव मिळाले आणि माणसाला स्वतःचेसुद्धा मिळाले नाही, हे मला फार खटकले.

माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा दोन वर्षे मुंबईच्या भुयारी कामावर होता. कडे जोडणाऱ्या टोळीत. तो सांगतो, "मोठ्याई, खाली दिवस हाय का रात हाय, काहीच समजत नाही. वर आलो आन् ऊन लागलं, का समजावं सकाळ झाली." खाली गरम होते, ओल असते, आणि आवाज इतका की शेजारच्याशी हातवाऱ्यांनी बोलावे लागते. त्याने पाळी सुटल्यावर काढलेला एक फोटो घरी धाडला. चौघे जण होते. चौघांच्या डोक्यावर पिवळे हेल्मेट, अंगात केशरी जाकीट, तोंडावर धूळ. आमच्या जाऊबाईंनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि मला विचारले, "याच्यात माया कोनता व?" नऊ महिने पोटात वाढवलेला मुलगा आईला ओळखू आला नाही. तेव्हा आम्ही सगळ्या हसलो. नंतर मात्र मला ते हसण्यासारखे वाटले नाही.

ही गोष्ट आजचीच आहे असे नाही. माझी मुलगी अकोल्याला शिकते. तिने मला मोबाईलवर जुनी छायाचित्रे दाखवली आणि वाचून अर्थ सांगितला. लंडन शहरात आगगाडीचा भुयारी मार्ग बांधला जात होता तेव्हा, १८६६ ते १८७० या काळात, हेन्री फ्लॅदर नावाच्या गृहस्थाने त्या कामाची छायाचित्रे घेतली. उकरलेले रस्ते, लाकडाचे टेकू, विटांच्या कमानी. त्या वेळी काचेच्या पट्टीवर औषध लावून फोटो घेत, आणि तेवढा वेळ समोरच्याने हलायचे नाही. भिंत हलत नाही, ती नीट उमटते. काम करणारा माणूस हलणारच, म्हणून तो धुरासारखा पुसट होतो. जो काम थांबवून उभा राहिला तो स्पष्ट, आणि जो राबत राहिला तो दिसेनासा! हे मुलीने सांगितले तेव्हा मी पोळी तव्यावरच विसरले.

आणि आपल्याच महाराष्ट्रात, बोरघाटात, एका बाईने हे काम केले आहे. मुंबईहून पुण्याला जाताना कर्जत आणि खंडाळ्याच्या मधे घाट लागतो, तिथला आगगाडीचा मार्ग १८५६ ते १८६३ या वर्षांत झाला. पहिल्या कंत्राटदाराने काम अर्धवट सोडले. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, १८५९ साली विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. परका देश, पदरात अर्धे काम. त्याची बायको अॅलिस हिने परतीचे जहाज न धरता नवऱ्याचे कंत्राट आपल्या अंगावर घेतले, जाणते इंजिनिअर नेमले आणि काम तडीस नेले. २५ बोगदे खोदावे लागले. १८६१ साली घाटात एका वेळी ४२ हजारांवर माणसे राबत होती. पटकीने किती मेली त्याची नीट मोजदाद नाही. हजारोंनी मेली एवढे सगळे सांगतात. ही अॅलिसबाई छायाचित्रेही काढत असे, आणि घाटातल्या कामाची तिने काढलेली छायाचित्रे मागे राहिली आहेत. मला त्या बाईचे कौतुक वाटते. परंतु त्या ४२ हजारांत आपल्या बाया होत्या, लेकरे होती, पाटीभर माती डोक्यावरून नेणारी. त्यांच्यातल्या एकीचेही नाव आज कोणाला सांगता येणार नाही. दगडी पूल मात्र नावानिशी आणि लांबीनिशी लिहून ठेवले आहेत.

अमेरिकेत न्यूयॉर्कला १९३२ साली काढलेला एक फोटो जगभर प्रसिद्ध आहे. ६९ व्या मजल्याच्या उंचीवर लोखंडी तुळईवर ११ कामगार पाय सोडून बसलेत आणि डबा खाताहेत. तो फोटो इमारतीच्या जाहिरातीसाठी मुद्दाम बसवून काढलेला होता. पोस्टरांवर, कपांवर, दुकानांच्या भिंतींवर तो सगळीकडे लागला. पण त्या अकरांतल्या बहुतेकांची नावे आजही खात्रीने सांगता येत नाहीत. म्हणजे चेहरा जगाला पाठ, आणि माणूस कोण ते ठाऊक नाही.

आपल्या अकोल्याचे सुधारक ओलवे यांचे नाव इथे घेतले पाहिजे. वाशीम १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होते, तेव्हा त्यांना आपले म्हणायला हरकत नाही. त्यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रे काढली. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. ते काम रेल्वेचे नव्हे, हे मी जाणते. पण जे काम चालले असता लोक नाकाला पदर लावून पुढे जातात, तिथे थांबून त्यांनी कॅमेरा धरला. मेट्रोच्या कामावर पत्र्याचे कुंपण असते, त्यावर रंगीत चित्रे आणि झाडे काढलेली असतात. आत कोण आहे हे रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतच नाही. तिथेही असा कोणी थांबायला हवा.

आता वही का सुरू झाली ते सांगते. आपल्याच भागातल्या एका भगिनीची ही हकीकत आहे. तिचे, तिच्या गावाचे, शहराचे, कंत्राटदाराचे कोणाचेच नाव मी सांगणार नाही. तिचा नवरा एका मोठ्या शहरात रेल्वेच्या उंच खांबांच्या कामावर गेला होता. सेंट्रिंगवरून पडून वारला. ही भाऊ आणि दीर घेऊन तिथे गेली तर मुकादम म्हणाला, की हा माणूस आमच्या हजेरीवर नव्हताच. हजेरीचे कार्ड त्याच्या खिशात होते असे ही म्हणत होती, पण ते सापडले नाही. बाई परत आली. दोन मुले, दीड एकर कोरडवाहू. सगळ्यांनी तिला सांगितले की आता नशीब समज.

तिच्याकडे नवऱ्याने मरणाआधी आठ दिवस धाडलेला एक फोटो होता. आपल्या मंडळाच्या बैठकीत तिने तो सहज दाखवला, रडायलाच दाखवला म्हणा. आपल्या चिटणीसबाईंनी तो मोठा करून पाहिला. नवऱ्याच्या हेल्मेटवर एक आकडा होता. मागे खांब होता आणि खांबावर त्याचा नंबर लिहिलेला होता. शेजारी तिघे उभे होते. खांबाच्या नंबरावरून जागा कळली. उरले ते तिघे. तो फोटो या मोबाईलवरून त्या मोबाईलवर फिरला आणि तिघांपैकी दोघे यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तांड्यावर सापडले. त्यांनी सांगितले, "हो, आमच्यासंगच होता तो, एकाच खोलीत राहत होतो." तसे त्यांनी वकिलापुढे लिहून दिले. भरपाईचे प्रकरण अजून चालू आहे, पैसे हातात आलेले नाहीत. पण तो माणूस तिथे नव्हताच, हे बोलणे मात्र बंद झाले.

त्या दिवशी आपण ठरवले, की बाहेर कामाला जाणाऱ्या प्रत्येकाचा एक फोटो मंडळाच्या वहीत असावा. आज वहीत ६३ फोटो आहेत. त्यांपैकी १९ मेट्रोच्या कामावरचे, त्यांत ५ बाया. बाकीचे इमारतीचे, रस्त्याचे, वीटभट्टीचे. एवढ्याशा गावांतून हे काही फार नाही. पुष्कळ घरी अजून म्हणतात, "फोटो कशाले पायजे?" एका म्हाताऱ्या मावशींनी तर फोटोने आयुष्य कमी होते म्हणून सुनेचा फोटो देऊ दिला नाही. त्यांना मी समजावते आहे, जबरदस्ती करत नाही.

फोटो कसा असावा याबद्दल अनुभवाने जे कळले ते सांगते. यात पुतण्याने सांगितलेलेही आहे.

एक फोटो तोंडाचा असावा, हेल्मेट काढून किंवा मागे सारून, मास्क खाली करून. उन्हाकडे पाठ करून उभे राहिले तर तोंड काळे येते. दुसरा कामाच्या जागेचा, ज्यात खांबाचा नंबर, स्थानकाची पाटी किंवा फाटक दिसेल असा. पण हा फोटो पाळी सुटल्यावर, कुंपणाबाहेर येऊन काढावा. पुष्कळ कामांवर आत मोबाईल काढायला मनाई असते, आणि ती योग्यच आहे. वर क्रेन फिरत असताना खाली हसत उभे राहायचे नसते. फोटोसाठी काठावर जाऊ नये हे मुलांना प्रत्येक फोनवर सांगावे, मी तर "जेवलास का?" याच्याआधी तेच विचारते. हजेरीचे कार्ड मिळाले की पहिल्या दिवशीच त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून घरी धाडायला लावावे. कार्ड हरवते, फोटो घरी राहतो.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला. पुढे राज्यात त्यांच्यासाठी कल्याणकारी मंडळ आले. तिथे नाव नोंदवायला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आधार लागते आणि पासपोर्ट आकाराचा फोटो लागतो. दाखला मिळवताना फार हेलपाटे पडतात. म्हणून कामावर जाण्यापूर्वीच पासपोर्ट फोटोच्या आठ प्रती काढून दोन घरी ठेवाव्यात.

बायांच्या फोटोबद्दल वेगळे बोलते, कारण इथे सगळ्या बायाच आहेत. आपल्यातली एक मैत्रीण सांगत होती, की कामाच्या जागी एक फोटोवाला आला, तिचे लेकरू झोळीत निजले होते, ती घमेले घेऊन वाकलेली. त्याने फोटो काढला आणि गेला. "विचारलंही नाही आन् दाखवलाही नाही. कोनाच्या घरी लागला असंल कोन जाने." आपल्या अंगावरचे फाटके लुगडे, आपले उघडे लेकरू परक्याच्या भिंतीवर लागावे असे कोणत्या आईला वाटेल? जो फोटो काढतो त्याने विचारावे. बाईने पदर तोंडावर ओढला तर ते तिचे उत्तर समजून कॅमेरा खाली करावा. आणि 'हो' म्हणाली तर तिला पदर नीट करायला, केस मागे सारायला दोन मिनिटे द्यावीत. दारिद्र्य दाखवायचेच असेल तर ते पदर नीट केल्यानेही लपत नाही. मग नाव विचारून लिहून घ्यावे, आणि एक प्रत तिला पोचवावी. आता तर मोबाईलवर पाठवायला एक पैसाही लागत नाही.

पुतण्यालाही मी हेच सांगितले. पुढच्या वेळी त्याने धाडलेल्या फोटोत चौघांनी हेल्मेट काढून हातात धरले होते. जाऊबाईंनी लगेच बोट ठेवले. बाकीच्या तिघांची नावे आणि गावे पुतण्याने सांगितली: एक झारखंडचा, एक ओडिशाचा, एक आपल्या रिसोडकडचा. जाऊबाईंनी तीही मागे लिहायला लावली. म्हणाल्या, "त्यायच्याही माया असतीन ना कुठी."

वहीच्या बाबतीत दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी सांगून मी बसते. फोटो मोबाईलमध्येच राहिला तर मोबाईल पडला की गेला, म्हणून छापूनच आणावा. स्टेशन रोडवरचे स्टुडिओवाले भाऊ मंडळासाठी कमी दरात छापून देतात, फक्त वहीचे नाव सांगावे. फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने लिहावे, पेनाची शाई पुढून उमटते. लिहायचे ते असे: पूर्ण नाव, गाव, कोणत्या शहरात, कोणत्या कामावर, कोणत्या साली, मुकादमाचे नाव आणि सोबत्यांची नावे. नाव लिहिताना 'रामाचा बाप', 'लहान्याची माय' असे लिहू नये, खरे नाव लिहावे. वहीत असे सात फोटो आहेत, ते मला परत विचारून घ्यायचे आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी फोटो घेऊन माझ्याकडे यावे. दुपारी दोननंतर मी घरीच असते.